जुन्या वीस-इंची सायकलचा चिमटा आणि स्टेम बदलताना

बेळगावच्या कॅम्पात, टिळकवाडीत किंवा निपाणीच्या एखाद्या जुन्या वाड्यात माळा आवरताना अजूनही कधीतरी छोट्या चाकांची जुनी सायकल निघते. कुणाची परदेशातून आलेली, कुणी गोव्याहून आणलेली. फ्रेम दणकट, रंग उडालेला, हॅण्डल जड फिरतं आणि पुढचा ब्रेक नावालाच. घरातला तरुण ती दुकानात घेऊन जातो आणि तिथे सांगतात, "चिमटा बदलून टाकू." बदलता येतो, पण कोणता चिमटा (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग) बसेल, स्टेम (हॅण्डल धरणारा दांडा) किती खोल जायला हवा आणि आटे कुठले, हे आधी मोजलं नाही तर चांगली सायकल कायमची बिघडते. हा लेख त्या मोजमापासाठी आणि त्यापुढच्या कामासाठी आहे. पाना हातात धरता येतो, पण चिमटा कधी उघडलेला नाही, अशा माणसाला धरून लिहिलंय.

आधी थोडं या सायकलींविषयी. इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये छोट्या चाकांची, स्प्रिंग असलेली सायकल आणली आणि ती गाजली. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने उत्तर म्हणून १९६५ मध्ये सोळा-इंची सायकल काढली आणि १९६८ च्या सुमारास 'ट्वेंटी' हे वीस-इंची मॉडेल. ट्वेंटी साधी, मजबूत आणि भरपूर खपलेली, म्हणून जगभर तिच्यावरच सगळ्यात जास्त फेरफार होतात. मीही उदाहरण म्हणून तीच घेतोय. तुमची सायकल दुसऱ्या कुठल्या कंपनीची असली तरी मोजायची रीत तीच, फक्त आकडे तुमचे.

बदल कशासाठी, हे आधी ठरवा

लोक तीन वेगळ्या तक्रारी घेऊन येतात आणि तिन्हींवर एकच उपाय मागतात. हॅण्डल जड फिरतं किंवा डुगडुगतं, ही पहिली. उंच माणसाला हॅण्डल फार खाली आणि फार जवळ पडतं, ही दुसरी. टायर मिळत नाही, ब्रेक लागत नाही, ही तिसरी. पहिलीसाठी चिमटा बदलायची गरज बहुतेक वेळा नसतेच, वरचा बुश किंवा बेअरिंग बदललं की भागतं. दुसरीचा संबंध फक्त स्टेमशी आहे. चिमटा खरोखर बदलावा लागतो तो तिसऱ्या तक्रारीत, किंवा मूळ चिमटा वाकला किंवा तडकला असेल तेव्हा. माझं मत स्पष्ट आहे: जेवढं परत मूळ जागी आणता येईल तेवढंच करा. फ्रेमवर ग्राइंडर चालवायचा नाही आणि मूळ चिमटा भंगारात द्यायचा नाही.

मोजमाप

डिजिटल किंवा साधा व्हर्नियर, अर्ध्या इंचाच्या खुणा असलेली पोलादी पट्टी, वही आणि पेन्सिल एवढं पुरे. आटे मोजायचा गेज असला तर उत्तम.

चिमट्याची जी दांडी फ्रेमच्या पुढच्या उभ्या पाइपातून वर येते, तिचा बाहेरचा व्यास मोजा. जुन्या इंग्लिश धाटणीच्या सायकलींत तो एक इंच, म्हणजे २५.४ मि.मी. असतो आणि आतलं भोक २२.२ मि.मी. याच भोकात स्टेम उतरतो, म्हणून स्टेमचा दांडाही २२.२ चाच हवा. फ्रेंच सायकलींचा स्टेम २२.० असतो आणि जुन्या अमेरिकन बीएमएक्सचा सुमारे २१.१५. हा एक मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. २१.१५ चा स्टेम २२.२ च्या भोकात जातो, पाचर (स्टेमला आतून आवळून धरणारा तुकडा) आवळली की पकडल्यासारखाही वाटतो आणि मग उतारावर हॅण्डल एकीकडे, चाक दुसरीकडे. स्टेम विकत घेताना व्हर्नियर खिशात ठेवा.

आता आटे. इंग्लिश मानकाच्या एक-इंची दांडीवर इंचाला २४ आटे असतात. रॅलेने मात्र स्वतःच्या बऱ्याच सायकलींवर, ट्वेंटीवरही, इंचाला २६ आटे ठेवले. ओळखायची सोपी रीत अशी: दांडीवर पोलादी पट्टी आडवी धरा, आट्याच्या एका शिखरावर शून्य लावा आणि अर्ध्या इंचापर्यंत मोजा. १२ भरले तर २४ चे, १३ भरले तर २६ चे. डोळ्यावर ताण येतो, म्हणून मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा करून मोजा. २४ चा नट २६ च्या दांडीवर दोन-तीन वेढे सुखाने जातो आणि मग अडतो. तिथे पान्याला लांब पाइप लावून जोर करणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातून सायकल काढून घ्या, कारण नट फिरेलही, पण दोन्हीकडचे आटे मारूनच.

फ्रेमच्या पाइपाची लांबी मोजा, वरून खालपर्यंत फक्त पाइप, कप (दोन्ही टोकांना बसणाऱ्या, छर्रे धरणाऱ्या वाट्या) सोडून. पुढच्या चाकाच्या ॲक्सलची जाडी मोजा: जुन्या रॅलेची ५/१६ इंच, म्हणजे ८ मि.मी. च्या आतच असते, तर आजच्या साध्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) ९ मि.मी. चिमट्याच्या दोन पायांच्या आतल्या बाजूंमधलं अंतरही लिहून ठेवा. जुन्या इंग्लिश चिमट्यांत ते ९० मि.मी. च्या आसपास भरतं, नवा हब १०० चा असतो.

शेवटी टायर. 'वीस इंच' या नावाखाली दोन अगदी वेगळी मापं येतात. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ४५१ किंवा ४०६ असा आकडा सापडतो. तो रिमवर टायर बसतो तिथला मि.मी. मधला व्यास. ट्वेंटीला बहुतेक ठिकाणी ४५१ चं चाक आलं, काही देशांत गेलेल्या सायकलींना ४०६ चं. आपल्याकडे मुलांच्या वीस-इंची सायकलींचं २० बाय १.७५ टायर म्हणजे ४०६, आणि ते लहान गावातल्या सायकल दुकानातही मिळतं. लोक चाक बदलायला निघतात ते याचमुळे.

उघडताना

खाली जुनी चादर अंथरा. छर्रे सुटे असतील तर ते पडतात, आणि शहाबादी फरशीवर पडलेला छर्रा कपाटाखाली जाऊन बसतो.

स्टेमच्या वर जो बोल्ट दिसतो, तो खाली एका पाचरीला किंवा शंकूच्या आकाराच्या नटाला ओढून धरतो. बोल्ट पूर्ण काढू नका. दोन-तीन वेढे सैल करा, म्हणजे तो थोडा वर येईल. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक नेमका फटका मारा. पाचर खाली सुटते आणि स्टेम हाताने फिरवत वर काढता येतो. न सुटल्यास गंज सोडवणारं तेल वरून सोडा, सायकल उलटी करून चिमट्याच्या खालच्या भोकातूनही सोडा आणि रात्रभर राहू द्या. खानापूर-जांबोटीकडे ज्या सायकलीने चार पावसाळे काढले, तिचा ॲल्युमिनियम स्टेम पोलादी दांडीत असा धरलेला असतो की दोन-तीन दिवस तेल द्यावं लागतं. घाई करून हॅण्डलला लोंबकळलात तर चिमट्याचे पायच पिळले जातात. चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हॅण्डल पिळायचं ते हलक्या, परत परत दिलेल्या जोराने.

स्टेम निघाला की पुढच्या ब्रेकची केबल सोडवा, चाक काढा, वरचा चेकनट (सगळं जागी पक्कं करणारा नट) आणि त्याखालची चावीवाली वायसर काढा. चिमटा एका हाताने खालून धरून ठेवा आणि मगच वरच्या रेसचा (दांडीच्या आट्यांवर फिरणाऱ्या, छर्ऱ्यांवर टेकणाऱ्या भागाचा) शेवटचा वेढा सोडा. वरच्या आणि खालच्या कपातले छर्रे वेगवेगळ्या वाटीत ठेवा, मोजा, लिहा. हे छर्रे बहुतेक ५/३२ इंची असतात. जुने परत वापरू नका, नवे फार महाग नसतात आणि एकच मापाचे असलेले चांगले. ट्वेंटी उघडली तर वर छर्रे मिळणारच नाहीत, तिथे नायलॉनचा बुश असतो. खाली मात्र बेअरिंग.

सगळं रॉकेलने धुऊन, पुसून उजेडात पाहा. चिमट्याचा खांदा, म्हणजे जिथे दोन पाय दांडीला मिळतात, तिथे रंगात केसासारखी रेघ दिसली तर नखाने खरवडा. रंगाची रेघ निघून जाते, धातूचा तडा जात नाही. तडा असेल तर तो चिमटा रस्त्यावर परत जाणार नाही, वेल्डिंग करूनही नाही.

चिमटा सरळ आहे का पाहायला एक खात्रीची चाचणी: चाक बसवा आणि रिम दोन्ही पायांपासून सारख्या अंतरावर आहे का बघा. नसेल तर चाक काढून उलट बाजूने बसवा. तिरकेपणा बाजू बदलून गेला तर दोष चाकात. त्याच बाजूला राहिला तर दोष चिमट्यात.

बुश ठेवायचा की बेअरिंग बसवायचं

ट्वेंटीच्या नायलॉन बुशाला नावं ठेवायची पद्धत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. छोटं चाक चपळ असतं, हॅण्डल थोडं हललं की लगेच वळतं. बुशाचं हलकं घर्षण त्या चपळाईला थोडा लगाम घालतं. वरचा बुश झिजून सैल झाला असेल किंवा जुन्या सुकलेल्या ग्रीसने जखडला असेल तर आधी तो नवा करून पाहा. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्धोक बदल आहे.

बुश करवायला बेळगावची उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलचं दुकान टाकून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगरापर्यंत पोचले. त्या गावात आज लेथवाल्याची वानवा नाही. मोठ्या कारखान्यात एक नग कुणी करून देत नाही. लहान शेडमध्ये एक-दोन लेथ चालवणारे टर्नर मामा किंवा अण्णा शोधा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर जा. जुना बुश, चिमटा आणि शक्य असल्यास फ्रेमही सोबत न्या. कागदावर आकृती काढा: बाहेरचा व्यास, आतला व्यास, वरच्या कॉलरची जाडी, एकूण उंची. तिथे मराठी, कन्नड आणि हिंदी एकाच वाक्यात चालतं, आकृती असली की गैरसमजाला जागा राहत नाही.

साहित्याची एक गोष्ट टर्नरला आवर्जून सांगा. साधं नायलॉन पाणी शोषतं आणि फुगतं. उन्हाळ्यात नेमका बसवलेला बुश आषाढात दांडीला घट्ट आवळतो. त्याऐवजी डेल्रिन नावाने मिळणारा पांढरा किंवा काळा रॉड घ्या, तो पाणी फारच कमी पितो. बाहेरचा व्यास फ्रेमच्या पाइपात हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसेल असा, आतला दांडीवर हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही असा. ०.१ मि.मी. मोकळीक पुरते.

बेअरिंगच हवं असेल तर दोन गोष्टी तपासा. फ्रेमच्या पाइपाचं वरचं भोक खालच्या भोकाएवढंच आहे का, म्हणजे एकाच मापाचे कप बसतील का. आणि दांडीवरचे आटे इतके खाली गेलेत का, की वरची रेस, वायसर आणि चेकनट तिन्ही त्यावर धरतील. आटे कमी पडत असतील तर ते खाली वाढवावे लागतात, आणि इथे जरा थांबून विचार करा. दांडीची भिंत जेमतेम १.६ मि.मी. आट्यांची खोली सुमारे ०.६. आटे पाडलेल्या भागात मागे एक मिलिमीटर पोलाद उरतं. आटे जितके खाली न्याल तितका हा पातळ भाग खाली येतो, आणि स्टेमची पाचर त्याच भागात आवळली गेली तर दांडी फुगते आणि एक दिवस चिरते. आटे वाढवलेत की स्टेमची पाचर त्यांच्याही खाली जाईल इतका लांब स्टेम घ्यायचा. या दोन गोष्टी जोडीने करायच्या असतात, एकटं एक नाही.

आटे पाडताना आधीच्याच मापाचे पाडा. २६ च्या दांडीवर २४ चे पाडता येत नाहीत. आट्याचा कोन ६० अंशांचा सांगा, कारण जुना टर्नर इंची आटे म्हटलं की ५५ अंशांचं व्हिटवर्थ हत्यार उचलतो. चिमट्याच्या पायांमुळे ही दांडी लेथच्या चकमध्ये नीट धरता येत नाही, म्हणून काम डायने (आटे पाडायच्या हत्याराने) हाताने होतं. डाय तिरका बसू नये म्हणून दांडीवर नेमका सरकेल असा गाइड बुश लेथवर आधी करून घ्या. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, भरपूर तेल.

चिमटाच बदलायचा असेल तर

मुलांच्या वीस-इंची सायकलींचे व्ही-ब्रेक (चिमट्याच्या दोन पायांवर बसणारे, रिम दाबणारे दोन हातांचे ब्रेक) बसणारे चिमटे बाजारात मिळतात. पुढचा ब्रेक सुधारायचा तो उत्तम मार्ग आहे. जुन्या क्रोमच्या पोलादी रिमवर ओले रबर नुसते घसरतात, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे रस्ता कोरडा सापडत नाही. ॲल्युमिनियम रिम आणि व्ही-ब्रेक एकत्र लावले की पावसातलं थांबणं भरवशाचं होतं.

मूळ चिमटा ठेवून फक्त चाक ४५१ वरून ४०६ चं केलंत तर रिम २२.५ मि.मी. खाली जाते, म्हणजे ब्रेकचे रबर तेवढे खाली पोचायला हवेत. जुना ब्रेक एवढा लांब पोचत नाही, लांब हातांचा ब्रेक शोधावा लागतो. चिमट्यासकट बदल करायचा असेल तर हा प्रश्न आपोआप सुटतो, पण दुसरे उभे राहतात.

पहिला: दांडीची जाडी. आजकालच्या पुष्कळ चिमट्यांची दांडी २८.६ मि.मी. ची असते. ती एक-इंची फ्रेमच्या पाइपातून कशीबशी जाईलही, पण बेअरिंगला जागा उरणार नाही. तो चिमटा तुमच्यासाठी नाही. २५.४ चाच शोधा.

दुसरा: दांडीची लांबी. छोट्या चाकांच्या सायकलींचा पुढचा पाइप लांब असतो. लागणारी लांबी म्हणजे पाइपाची लांबी, अधिक खालच्या-वरच्या कपांसकट सगळ्या बेअरिंगची उंची, जी साधारण ३५ ते ४० मि.मी. येते. कप नुसते एकावर एक मांडून, बाहेर दिसणारी उंची मोजून खात्री करा. दांडी जास्त लांब असेल तर वरून कापता येते. कापण्याआधी त्यावर एक नट चढवून ठेवा, कापल्यावर तो उलटा फिरवून काढला की कडेचे आटे साफ होतात. कमी पडली तर तो चिमटा परत करा. आतून पाइप घालून गॅस वेल्डिंगने दांडी लांबवून देणारे आहेत, आणि दिसायला ते काम सुबक असतं. पण तुमचा सगळा भार, प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक ब्रेक त्या एका जोडावर येतो. तो तुटतो तेव्हा आधी सूचना देत नाही. या बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

तिसरा प्रश्न नवशिक्यांना कुणी सांगत नाही, म्हणून तो जरा विस्ताराने. चिमट्याचे पाय पुढे बाक घेतात. चाकाचा मध्य दांडीच्या रेषेपासून किती पुढे आहे, ते त्या चिमट्याचं बाकाचं माप. मोजायची रीत: सपाट टेबलावर सारख्या उंचीचे दोन ठोकळे ठेवून दांडी त्यावर आडवी ठेवा, पाय वर वळलेले. टेबलापासून दांडीच्या मध्यापर्यंतची उंची आणि ॲक्सलच्या खाचेच्या मध्यापर्यंतची उंची घ्या. दोन्हींचा फरक म्हणजे बाक.

याचं महत्त्व असं. दांडीची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला चाक टेकतं त्याच्या थोडी पुढे टेकते. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल सायकलला सरळ ठेवायला मदत करतो. मोठ्या चाकाला तो आपोआप भरपूर मिळतो, छोट्याला कमी. आकड्यांत पाहू. फ्रेमच्या पाइपाचा कोन ७० अंश आणि बाक ५० मि.मी. धरला, तर ७०० सी (मोठ्या सायकलींच्या) चाकाला ट्रेल सुमारे ७० मि.मी. येतो, ४५१ च्या चाकाला ४१, आणि ४०६ ला जाड टायरसह ३७. आता नवा चिमटा उंचीला मूळपेक्षा कमी असेल तर सायकलचं नाक खाली जातं आणि कोन उभा होतो. दोन चाकांमधलं अंतर मीटरभर असेल तर दर १० मि.मी. ला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. कोन ७१ झाला की ट्रेल ३७ वरून ३२ वर उतरतो. एवढ्या ट्रेलवर सायकल एका हाताने चालवणं अवघड होतं, पावसात गाडीमागून खड्डा चुकवताना ती अंगाबाहेर जाते.

उलट, ४०६ च्या चाकाला ३५ मि.मी. बाकाचा चिमटा मिळाला तर ७० अंशांवर ट्रेल सुमारे ५३ येतो. सायकल शांत, भरवशाची होते. म्हणून दुकानात दोन चिमटे समोर आले, तर ज्याचा बाक कमी आणि उंची मूळच्या जवळ, तो घ्या. चकाकी नंतर पाहा.

मूळ चिमट्यातच नवा हब घालायचा असेल तर खाच ९ मि.मी. च्या ॲक्सलसाठी कानशीने थोडी रुंद करता येते, दोन्ही कडांना अर्धा-अर्धा मि.मी. वरच्या टोकाला, जिथे ॲक्सल टेकतो, तिथे घासू नका. नाहीतर चाक तिरकं बसतं. पाय ९० वरून १०० पर्यंत फाकवायला गॅस लावायचा नाही. थंडच, दोन्ही पाय सारखे, हळूहळू ताणायचे आणि दर वेळी वर सांगितलेली चाकाची चाचणी करायची.

स्टेम

उंच माणसाला दोन वाटा आहेत. एक, लांब दांड्याचा जुन्या पद्धतीचा स्टेम. जपानच्या निट्टो कंपनीचा टेक्नॉमिक त्यासाठीच प्रसिद्ध आहे, त्याचा दांडा सुमारे २२५ मि.मी. लांब. दुसरी, अ‍ॅडॉप्टर: खालचा भाग २२.२ चा, पाचरीसह, दांडीत उतरणारा, आणि वरचा २८.६ चा. त्यावर आजचा कोणताही साधा स्टेम बसतो, पुढे-मागे लांबी बदलता येते, हॅण्डल न काढता स्टेम काढता येतो. मला अ‍ॅडॉप्टर आवडतो, कारण तो उलटवता येतो आणि मूळ स्टेम जसाच्या तसा डब्यात राहतो. दिसायला मात्र जुन्या सायकलवर तो थोडा परका वाटतो, आणि ज्यांना मूळ रूप जपायचंय त्यांनी लांब स्टेमच घ्यावा.

कुठलाही घेतलात तरी स्टेमवर बहुतेक वेळा रेघांची एक खूण असते. ती दिसेपर्यंत वर काढायचा नाही. खूण नसेल तर निदान ६५ मि.मी. दांडा आत हवा, आणि पाचर आटे पाडलेल्या भागाच्या खाली. दांडा बाहेर ठेवून, चेकनटापासून खाली मोजून पेन्सिलीने रेघ मारा म्हणजे अंदाज चुकणार नाही.

हॅण्डल धरणाऱ्या जागेचंही माप असतं. आजचं नेहमीचं २५.४, जुन्या इंग्लिश हॅण्डलचं बऱ्याचदा २३.८. फरक असेल तर पूर्ण वेढा घेणारी ॲल्युमिनियमची एकच पट्टी मध्ये घाला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून आवळू नका, तो दबतो आणि हॅण्डल खाली गळतं. स्टेम उंच केलात की केबल अपुरी पडते, तीही नवी, लांब घ्या.

परत जोडताना

कपात ग्रीस भरा, छर्रे त्यात चिकटवा. गोलात एका छर्ऱ्याची जागा रिकामी राहायला हवी. दाबून बसवलेला शेवटचा छर्रा सगळं अडवतो. स्टेमच्या दांड्यालाही पातळ ग्रीस द्या, ॲल्युमिनियम असेल तर नक्कीच. बोल्टच्या आट्यांना आणि पाचरीच्या उतारालाही.

वरची रेस हाताने टेकेपर्यंत फिरवा, पाव वेढा मागे घ्या, वायसर, चेकनट. आता पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं फ्रेमच्या पाइपावर, रेसला लावून ठेवा. टक्-टक् जाणवलं तर सैल आहे. मग पुढचं चाक उचलून सायकल थोडी कलवा. चाक स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे वळलं पाहिजे, मध्ये अडकता कामा नये. बुश असलेल्या सायकलला हे वळणं जरा सुस्त असतं, ते चालतं. चेकनट आवळताना रेस पातळ पान्याने धरून ठेवा, नाहीतर तीही सोबत आवळली जाते आणि मोजून ठेवलेली मोकळीक जाते.

स्टेमचा बोल्ट १५ ते २० न्यूटन-मीटर आवळतात, पण भागावर आकडा छापलेला असेल तर तोच पाळा. आवळल्यावर चाक गुडघ्यांत धरून हॅण्डल दोन्ही हातांनी पिळून पाहा. नेहमीच्या जोराने ते फिरता कामा नये.

पहिली फेरी घराजवळच्या सपाट गल्लीत, हळू. मग थोडं वेगात, मग दोन्ही ब्रेक जोरात दाबून. उताराची चाचणी शेवटी: येळ्ळूरच्या राजहंसगडाचा रस्ता त्याला चांगला, पण सकाळी लवकर, गर्दी नसताना, आणि वरून निघण्याआधी स्टेम आणि चाकाचे नट पुन्हा तपासून. पहिल्या काही फेऱ्यांनंतर कप नीट टेकतात आणि थोडी ढिलाई येते, तेव्हा चेकनट एकदा परत लावून घ्यायचा. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आसपास स्टेम पूर्ण बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवा. जुना चिमटा आणि स्टेम तेलाच्या कापडात गुंडाळून, त्यावर आट्यांचा आकडा आणि बाकाचं माप लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवा.